भट्टीवरचा जुना टॉवेल

प्लाझ्मा म्हणजे पदार्थाची चौथी अवस्था, हे वाक्य मी कॉलेजात तासिका तत्त्वावर शिकवताना इतक्यांदा फळ्यावर लिहिलंय की झोपेतून उठवून विचारलं तरी सांगेन. पुस्तकात त्यापुढे आणखी दोन ओळी होत्या, त्याही सांगायचो. मुलं लिहून घ्यायची, मी डस्टर आपटायचो, तास संपायचा. प्लाझ्मा दिसतो कसा, असं एकानेही कधी विचारलं नाही. विचारलं असतं तर मी त्याच्यावरच खेकसलो असतो, कारण मलाच ठाऊक नव्हतं.

मग एका वर्षी माझ्या तासिका बंद झाल्या आणि मी जुळे सोलापुरातल्या फ्लॅटच्या गॅलरीत बसून पेपर वाचायला लागलो. दोन महिन्यांनी एका जुन्या विद्यार्थ्याचा फोन आला. शहराबाहेरच्या औद्योगिक वसाहतीत त्याचा पोलादाचे पार्ट कठीण करून देण्याचा छोटा कारखाना होता. त्याने कुठूनतरी एक वापरलेलं मशीन आणलं होतं. "सर, मशीन प्लाझ्माचं आहे. तुम्ही आम्हाला प्लाझ्माच शिकवायचा ना?" तो म्हणाला. मी हो म्हणालो. खोटं काहीच नव्हतं त्यात. तो मला सर म्हणायचा आणि मी त्याला मालक म्हणायचो, आणि पहिले काही दिवस दोघांनाही तोंड कुठे लपवावं कळत नव्हतं.

मशीनवर 'प्लाझ्मा रिअॅक्टर' अशी पाटी होती आणि सगळे त्याला भट्टी म्हणायचे. मी आठवडाभर सगळ्यांना सांगत फिरलो की भट्टी म्हणू नका, यात जाळ नाही, कोळसा नाही, ज्वाळा नाही. लोक मान डोलवायचे आणि भट्टी म्हणायचे. शेवटी मीही म्हणायला लागलो. वस्तू अशी होती: एक जाड पोलादी घंटा, माणसाच्या छातीइतकी उंच. ती साखळीने वर उचलायची, खालच्या तबकडीवर पार्ट रचायचे, घंटा खाली सोडायची, आणि पंपाने आतली हवा ओढून घ्यायची. मग चिमूटभर नायट्रोजन, थोडा हायड्रोजन आणि भरपूर वीज. पार्ट पाचशे अंशांच्या वर तापायचे आणि नायट्रोजन पोलादाच्या कातडीत शिरून बसायचा. वरून पोलाद इतकं कठीण व्हायचं की कानशीने ओरखडाही उठू नये. वायू आणि घन यांच्यातली रिअॅक्शन, हे मला कळत होतं. आत हवा जवळजवळ नाहीच, आणि त्या नाहीतल्या थोड्याशा वायूने एवढं काम होतं, हे मात्र समीकरण मांडून झाल्यावरही पटत नव्हतं.

घंटेला बांगडीएवढी एक काच होती. पहिल्या दिवशी तिला डोळा लावला तेव्हा मला वाटलं होतं, ट्यूबलाइटसारखा आत सगळा उजेड भरलेला असेल. तसं काही नव्हतं. मध्ये काळोख होता, आणि एकेका पार्टाला तेवढा जांभळा उजेड चिकटला होता, बोटभर जाडीचा. गिअरच्या प्रत्येक दातात तो उतरला होता. मी मोठ्याने म्हणालो, "हे असं का?"

"भरलंय की चांगलं," शेजारून आवाज आला. "असंच पायजे. पातळ झालं न्हाईतर तडतडलं म्हंजे काळजी करायची."

हे मामा. साठीला आलेले, विणकर घरातले, घरी तेलुगू बोलणारे. आयुष्यातली बरीच वर्षं त्यांनी यंत्रमागावर टॉवेल विणण्यात काढली होती. त्या खडखडाटाने डावा कान गेलेला, त्यामुळे बोलायचं ते उजवीकडून. माग बंद पडल्यावर ते इथे आले आणि भट्टीपाशी उभे राहिले. मी आलो तेव्हा त्यांना ती तोंडपाठ होती. कुठला वायू, किती दाब, हे त्यांना आकड्यांत सांगता यायचं नाही, पण काचेला डोळा लावून "अजून जरा कमी करा" म्हणायचे, आणि मीटरवर बघावं तर खरोखर जरा जास्तच असायचं. याचा मला आनंद व्हायला हवा होता. मला राग यायचा.

पार्ट भट्टीत घालण्याआधी धुवायला लागायचे. गरम साबणपाणी, मग साधं पाणी, मग गरम हवा, आणि शेवटी थिनरमध्ये भिजवलेल्या टॉवेलचा एक हात. हा शेवटचा हात मामांचा. त्यांचा टॉवेल एकच होता. कधीकाळी पांढरा असावा. आता त्याचे सगळे दोरे झिजून तो धोतराच्या फडक्याइतका पातळ झाला होता, आणि रंग विचारू नका. काम झालं की मामा तो नुसत्या उकळत्या पाण्यात धुवायचे आणि भट्टीमागच्या तारेवर वाळत घालायचे. कुणी त्याला हात लावलेला त्यांना चालायचा नाही. बाहेरून कुणी आलं तर तो टॉवेल दिसू नये म्हणून मीच मध्ये उभा राहायचो.

सात-आठ महिने सगळं ठीक चाललं. मग मालकाने एके सकाळी आम्हाला दोघांना बोलावलं. पुण्याकडच्या एका मोठ्या कारखान्याने पंपाचे शाफ्ट पाठवायचं कबूल केलं होतं. तीन ट्रायल. तिन्हींतली एक जरी त्यांच्या तपासणीत बसली तर कायमचं काम. "नाहीतर भट्टी विकून टाकायची, सर," मालक म्हणाला, आणि मामांकडे बघून लगेच दुसरीकडे बघायला लागला. भट्टी नसेल तर मामांना तिथे काय काम, हे तिघांनाही कळलं होतं. मामांच्या मुलीचं लग्न ठरत आलं होतं आणि त्या वयात त्यांना दुसरीकडे कोण उभं करणार होतं?

त्या दिवशी घरी आल्यावर मी कपाट उघडलं. आमच्याकडे लग्नाला गेलं की पुरुषमाणसाला टॉवेल-टोपी. टोप्या कुणी वापरत नाही आणि टॉवेल इतके साठतात की वापरून संपत नाहीत. सात-आठ कोरे टॉवेल होते, पांढरेशुभ्र, जाड, हात लावला की सशाच्या अंगावर ठेवल्यासारखं वाटावं असे. मी त्यातले चार पिशवीत घातले. बायको म्हणाली, "कारखान्यात कशाला? पुसायला जुनंपानं न्या की." ती वळसंगची, वैतागली की माहेरचं बोलते. मी म्हणालो, "पाहुण्यांचं काम आहे. पाहुण्यांना कुणी जुनं फडकं देतं का?"

हे मी आता लिहिताना सुद्धा मला बरोबरच वाटतं, हीच तर गंमत आहे.

मामांनी टॉवेल हातात घेतला, उलटा करून बघितला, दोन बोटांत चोळला. मागावर बसणाऱ्याचा हात तो. मग म्हणाले, "सर, नवा टॉवेल पानी पीत न्हाय."

"पाण्यात कुठे बुडवायचाय मामा? थिनरचा हात आहे."

"तसं न्हवं..."

"आणि तो जुना आज तारेवरच राहू दे."

मामांनी तारेवरच्या टॉवेलकडे एकदा बघितलं. मग "बरं सर," म्हणाले आणि कामाला लागले. एकेक शाफ्ट त्यांनी देवाच्या मूर्तीसारखा पुसला. घंटा खाली गेली, पंप सुरू झाला, वीज सोडली. काचेतून बघून ते म्हणाले, "आज लई तडतडतंय." मी मीटरकडे बघितलं. आकडे बरोबर होते. मी सांगितलं, आकडे बरोबर आहेत.

दुसऱ्या दिवशी घंटा उचलली. नीट झालेला पार्ट राखाडी दिसतो, सगळीकडून सारखा, पाऊस येण्याआधीच्या आभाळासारखा. हे शाफ्ट राखाडी होते, आणि त्यावर चट्टे होते. अंगावर नायटा उठावा तसे, निळसर, चकचकीत. चट्ट्यावर हिऱ्याचं टोक दाबलं तर पोलाद मऊ लागलं. चट्ट्याबाहेर कठीण, चट्ट्यात मऊ. नायट्रोजन सगळीकडे शिरला होता आणि नेमका तिथे शिरला नव्हता.

मला वाटलं, वायू खराब असेल. सिलिंडर बदलले. मला वाटलं, कुठेतरी हवा शिरत असेल. सगळे जोड साबणाच्या फेसाने तपासले, एक बुडबुडा आला नाही. मला वाटलं, त्यांचं पोलादच खराब आहे. पण त्याच आठवड्यात गावातल्या मागांचे गिअर आले होते, रोजचं काम, ते त्याच भट्टीत, त्याच वायूत, त्याच माणसाने घातले आणि ते सुरेख निघाले. मी वहीत दोन्हींचे आकडे शेजारी शेजारी लिहिले. एकातही फरक नव्हता. घरच्या कामाला भट्टी चांगली आणि पाहुण्यांच्या कामाला चट्टे! मी ती वही इतकी वेळा उघडली की तिची शिवण सुटली. सात रस्त्याच्या चौकात गाडी थांबवून, मागून रिक्षावाले हॉर्न मारत असताना, मी त्या दोन रकान्यांचा विचार करत उभा राहिलेलो आहे.

डोकं चालेनासं झालं की माणूस माणसांकडे बघायला लागतो. मी मामांकडे बघायला लागलो. मामा तंबाखू खायचे. चुना मळलेलं बोट. मोठं काम म्हटलं की त्यांचे हात कापायचे, हे मी बघितलं होतं. गावातल्या गिअरला हात कापत नाहीत, पुण्याच्या शाफ्टला कापतात, बोटाचा चुना लागतो, चट्टा उठतो. मला ते इतकं पटलं की त्या दिवशी मी पोटभर जेवलो.

मी मालकाला सांगितलं. तो म्हणाला, "सर म्हणतात तर असेल." मामांना भट्टीवरून काढून पॅकिंगला बसवलं. मालकाने ते माझ्यादेखतच सांगितलं. मामांनी ओरडावं, भांडावं, अशी माझी तयारी होती. ते फक्त माझ्याकडे उजवा कान करून म्हणाले, "हात धुतल्याबिगर मी घंटेला कदी शिवलो न्हाय, सर." मी म्हणालो, "तसं नाही मामा." तीन दिवस त्यांनी खोकी बांधली. चौथ्या दिवशी आले नाहीत.

दुसरी ट्रायल मी स्वतः केली. हातात मोजे, तोंडाला फडकं, खोलीत कुणाला पाय ठेवू दिला नाही. आणखी दोन नवे टॉवेल काढले. एकेक शाफ्ट दोन-दोनदा पुसला, मामांपेक्षा जास्त काळजीने. चट्टेही जास्त निघाले. पहिल्या वेळी शाफ्टवर चार-पाच होते, आता मोजायचं सोडून दिलं. मालक एक शाफ्ट हातात घेऊन बराच वेळ फिरवत बसला, आणि मला पुन्हा वर्गात फळ्यासमोर उभं राहिल्यासारखं वाटलं, फक्त उत्तर न येणारा आता मी होतो.

म्हणजे मामा नव्हते. मग कोण? चोर सोडून संन्याशाला फाशी देऊन झालं होतं, आणि चोर अजून आतच बसला होता, हे मला त्या दिवशी स्पष्ट कळलं. भीती वाटली ती शेवटच्या ट्रायलची कमी, आणि मामांना तोंड दाखवायची जास्त.

त्या रविवारी मी आंघोळ करून बाहेर आलो आणि दांडीवरचा टॉवेल ओढून अंग पुसायला लागलो. पुसलं जाईना. पाणी अंगावर इकडचं तिकडे व्हायचं, टॉवेल वरूनच घसरायचा. मी तिथूनच ओरडलो, "हा टॉवेल पाणी का पुसत नाही?"

"नवा हाय की!" बायको स्वयंपाकघरातून म्हणाली. "जुने सगळे धुयाला टाकलेत, म्हणून काढला. दोन-तीनदा धुतल्याबिगर नवा कुटला पुसतोय?"

"का पुसत नाही?"

ती लाटणं घेऊन दारात आली आणि माझ्याकडे कीव आल्यासारखं बघायला लागली. "मऊ लागावा म्हणून वरनं काहीतरी लावत्यात की. सोलापुरात जलमला आन् हे ठाऊक न्हाय?"

मी ओल्या अंगाने तसाच उभा राहिलो. ठाऊक कसं नसेल? सगळ्या गावाला ठाऊक आहे. मलाही होतं. लहानपणापासून नवा टॉवेल आधी भिजवायचा हे आमच्या घरातही होतं. ते न्हाणीघरातलं ज्ञान होतं आणि भट्टीतलं ज्ञान वेगळं, दोघांची कधी भेटच घालून दिली नव्हती मी. मऊपणासाठी लावतात ते तेलकट असतं. नुसतं पाणी त्याला लगेच हलवू शकत नाही, पण थिनर हलवतो. थिनरने ते टॉवेलमधून सुटून शाफ्टवर पसरत होतं, डोळ्यांना दिसणार नाही इतकं पातळ, आणि तिथे नायट्रोजनला दार बंद. मी जितकं जास्त पुसलं तितकं जास्त माखलं. गावातले गिअर मामांनी त्यांच्या जुन्या टॉवेलनेच पुसले होते, म्हणून ते सुरेख निघाले. काखेत कळसा आणि गावाला वळसा, पण माझा कळसा खांद्यावर होता आणि मी त्याच्यानेच तोंड पुसत होतो.

तरी खात्री नव्हती. दोनदा फसलो होतो. सोमवारी एक वाया गेलेला जुना शाफ्ट घासून घेतला, मधोमध खडूची रेघ मारली. डावीकडचा भाग नव्या टॉवेलने पुसला. उजवीकडे मामांचा टॉवेल. तो अजून तारेवरच होता, वाळून कडक झालेला. त्याला हात लावताना मी आजूबाजूला बघितलं. चोरी करत असल्यासारखं वाटलं. भट्टी चालू केल्यावर काचेतून बघितलं तर डावीकडे बारीक ठिणग्या तडतडत होत्या, फोडणीतल्या मोहरीसारख्या, आणि उजवीकडे जांभळा उजेड शांतपणे चिकटून बसला होता. मामांनी हे पहिल्याच दिवशी सांगितलं होतं आणि मी मीटर वाचून दाखवला होता. दुसऱ्या दिवशी घंटा उचलली. अर्धा शाफ्ट चट्ट्यांनी भरलेला, अर्धा आभाळासारखा राखाडी.

तिसरी ट्रायल मामांच्या टॉवेलने केली. ती पास झाली. भट्टी राहिली. मालकाने पेढे आणले आणि पहिला मला दिला. तो मी टेबलावर ठेवला. मी म्हणालो, "मामांना परत बोलवायचं." मालक म्हणाला, "बोलवा की. तुम्हीच जा, सर."

मी गेलो. पूर्व भागातली गल्ली, दोन्ही बाजूंना मागांचा खडखडाट, त्यात मामांचं दोन खोल्यांचं घर. मामा दारातच बसले होते. मी उजव्या बाजूला जाऊन बसलो आणि सगळं सांगितलं. टॉवेल, थिनर, खडूची रेघ, ठिणग्या. काही लपवलं नाही. तुमचं नाव मीच घेतलं होतं, हेही सांगितलं, ते त्यांना ठाऊक होतंच. मला वाटलं, आता हे शिव्या देतील, आणि द्याव्यात असं मनापासून वाटत होतं.

मामांनी विचारलं, "मंग आता शाफ्ट चांगले निघाले का?"

"निघाले."

"सगळीकडनं सारके?"

"सगळीकडून. मामा, परत या. मालकानेही सांगितलंय."

त्यांनी नाही म्हणून मान हलवली. ते एका टॉवेलच्या कारखान्यात घड्या घालायला लागले होते. घराजवळ होतं, बसून काम होतं. तिथलं सांगून झाल्यावर म्हणाले, "माजा टॉवेल तितंच हाय न्हवं?"

मी म्हणालो, "आहे. आणून देतो उद्या."

"नको नको. ऱ्हाऊ द्या. भट्टीला लागतोय. नुसत्या पान्यात धुवा, साबण लावू नका."

मी उठलो तसं त्यांनी आत हाक मारली, तेलुगूत. मामी बाहेर आल्या, हातात ताट. सर पहिल्यांदा घरी आले, तसे रिकामे कसे जाणार? मला बसवलं, कपाळाला कुंकू लावलं, डोक्यावर टोपी ठेवली, आणि मामांनी खांद्यावर टॉवेल घातला. कोरा करकरीत, पांढरा, जाड. हा मान होता की दुसरं काही, हे मी त्यांच्या चेहऱ्यावर शोधत राहिलो. चेहरा नेहमीचाच होता. आजही मला ते सांगता येणार नाही. मी वाकून नमस्कार केला, त्यांनी पाय मागे घेतले.

दारापर्यंत सोडायला आले तेव्हा मामांनी माझ्या खांद्यावरच्या टॉवेलचं टोक दोन बोटांत धरून चोळलं, पूर्वीसारखंच.

"आदी दोन-तीनदा धुऊन घ्या, सर," ते म्हणाले. "नवा टॉवेल पानी पीत न्हाय."

"हो मामा," मी म्हणालो.